सत्तेचाळीस मिनिटं लाइव्ह

रविवारची बैठक दहाला सुरू व्हायची आणि ताई पावणेदहालाच वर येऊन बसायची. त्या दिवशी ती जिना चढून वर आली तर बापू तिच्याही आधी हजर, तोही इस्त्रीचा शर्ट घालून. धाकटा भाऊ रविवारी इस्त्रीचा शर्ट घालतो म्हणजे कुणीतरी परकं यायचं आहे, हे कळायला ताईला त्याच्या तोंडाकडे बघायचीही गरज नव्हती.

"कोण येतंय?" तिने पर्स टेबलावर ठेवत विचारलं.

"बस तर आधी."

"बसते. कोण येतंय?"

"शिडीवाल्या बाई. अकराला."

ताई बसली. बापू समोरचे कागद उगाचच चौकोनात लावत राहिला. ते मुळात चौकोनातच होते.

"मला न सांगता बोलावलंस?"

"बैठकीत सांगणारच होतो."

गुरुवारच्या त्या प्रकारानंतर भावाबहिणीचं नीट बोलणं झालं नव्हतं. खाली घर आणि वर ऑफिस असलं की एक सोय असते, घरातलं भांडण वर आणायचं नाही आणि वरचं खाली न्यायचं नाही, असं म्हणता येतं. प्रत्यक्षात दोन्ही भांडणं जिन्यावर भेटतात आणि मग जिन्यावरून जाणंयेणं अवघड होतं. तीन दिवस बापू ताईच्या पावलांचा आवाज ऐकून मग दार उघडत होता.

दहाच्या ठोक्याला सूनबाई चहाचा ट्रे घेऊन आली. ती बापूची बायको आणि ऑफिसची मुद्रितं तपासणारी. या घरातून बाहेर गेलेल्या एकाही जाहिरातीत गेल्या वीस वर्षांत चुकीची वेलांटी सापडलेली नाही, आणि ते ती स्वतः सांगत नसली तरी इतरांनी सांगितलं की नको म्हणत नसे. तिच्या मागून मुंगी आली. मुंगी म्हणजे या दोघांची मुलगी, वय चोवीस, जन्मली तेव्हा मुठीएवढी होती आणि तेव्हापासून एका जागी बसलेली नाही, म्हणून मुंगी. सगळ्यात शेवटी अण्णा, ब्याऐंशी वर्षांचे, कठड्याला हात न लावता.

बैठकीची रीत अण्णांच्या वडिलांनी घालून दिलेली. घरात त्यांना पेंटरआजोबा म्हणत. त्यांनी गावभर पाट्या रंगवल्या, अण्णांनी पोस्टरं छापली, ताईने त्याच गिऱ्हाइकांना इंटरनेटवर नेलं. काम बदललं, रीत तीच राहिली. सगळ्यात लहान माणसाने आधी बोलायचं आणि सगळ्यात मोठ्याने शेवटी. मोठं माणूस आधी बोललं की बाकीच्यांची मतं चहात बिस्कीट विरघळावं तशी विरघळतात, असं पेंटरआजोबांचं म्हणणं होतं.

"विषय एकच आहे," बापू म्हणाला. "शिड्यांच्या कारखान्याचं काम यापुढे कोण बघणार. माझं म्हणणं आहे मुंगीने बघावं. ताईने मार्गदर्शन करावं."

मार्गदर्शन. ताईने तो शब्द ऐकला आणि कप बशीत ठेवला. चाळीस वर्षांपूर्वी छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला अण्णांनी कामावरून उठवून दाराशी खुर्ची दिली होती, तेव्हाही हाच शब्द वापरला होता. तो बिचारा दोन महिने मार्गदर्शन करून घरी गेला.

गुरुवारी झालं होतं ते असं. कारखान्याच्या पानावरून शनिवारी एक लाइव्ह कार्यक्रम करायचा होता, घरासाठी शिडी कशी निवडावी यावर. आता या घराण्याची आणखी एक खोड आहे. पेंटरआजोबा कुठलीही पाटी रंगवण्याआधी ती जमिनीवर खडूने अख्ख्या मापात काढत. छोटा नमुना त्यांना चालत नसे. पाटी दहा फुटांची तर खडूही दहा फूट. त्याला घरात 'खडू मारणं' म्हणतात, आणि ताईने आयुष्यात खडू न मारता एकही काम बाहेर पाठवलेलं नाही. तिने गुरुवारी दुपारी गोदामात शिडी उभी केली, दिवे लावले, फोन तिवईवर बसवला आणि अण्णांना समोर घेऊन कार्यक्रमाचा पहिल्यापासून शेवटपर्यंत सराव केला. दुसऱ्या कुणी दोन मिनिटं बघून फोन बंद केला असता. हिने सत्तेचाळीस मिनिटं खडू मारला.

त्या ॲपमध्ये आदल्या रात्री बदल झाला होता. जिथे सरावाचं बटण असायचं तिथे आता थेट प्रक्षेपणाचं बटण आलं होतं आणि सराव कुठेतरी आतल्या यादीत गेला होता. ताई रोज सकाळी सहाला उठून असले बदल वाचते. नेमक्या गुरुवारी सकाळी ती अण्णांना रक्ततपासणीला घेऊन गेली होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण एकोणिसाव्या मिनिटाला ताई शिडीवर चढायला गेली आणि अण्णा म्हणाले, "थांब." त्यांनी वाकून शिडीच्या पायाचा रबरी बूट दोन बोटांनी ओढला. तो निघून हातात आला. "ही शिडी मी माझ्या पोरीला चढायला देणार नाही," अण्णा म्हणाले, आणि बूट फोनसमोर धरला. शिडीच्या कारखान्याच्या स्वतःच्या पानावर, दोनशे बारा माणसांच्या साक्षीने.

"मुंगे, बोल," अण्णा आता म्हणाले. "तुझा पहिला नंबर."

मुंगीने आईकडे पाहिलं, मग आपल्या नखांकडे. शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की शिडीचं काम आता तुझं. तेव्हा ती हरखून गेली होती. आत्याचं काय, हे तिला विचारावंसंही वाटलं नव्हतं, आणि आता त्याचीच लाज वाटत होती. कॉलेजातल्या मैत्रिणींना तिने लगेच कळवूनही टाकलं होतं.

पण शनिवारी, लाइव्ह कार्यक्रम रद्द झालेला असला तरी, तिने कामाला लागायचं म्हणून कारखान्याचं पान उघडलं. त्या व्हिडिओखाली एकशे त्रेसष्ट कमेंट होत्या आणि प्रत्येकीला उत्तर होतं. आत्याची उत्तरं लगेच ओळखू येतात, कारण आत्या पूर्ण वाक्यात लिहिते आणि शेवटी पूर्णविराम देते. शिव्या देणाऱ्यालाही तिने 'आपलं म्हणणं बरोबर आहे' असं लिहून शिडीवरच्या लेबलचा फोटो मागवला होता. मग मुंगीला दिसलं की आत्याने त्या कमेंटचे गट पाडले आहेत, शब्दावरून, शिडीच्या मापावरून, खरेदीच्या महिन्यावरून. ज्या साधनाने ते केलं होतं ते बाजारात येऊन तीन आठवडे झाले होते. मुंगीने त्याचं फक्त नाव ऐकलं होतं. शिकायचं आहे, शिकायचं आहे, असं ती तीन आठवडे स्वतःला सांगत होती.

"मला नको ते काम," मुंगी म्हणाली.

बापूने मान वर केली. "परवा तर हो म्हणालीस."

"परवा मी पान बघितलं नव्हतं. बाबा, मला ॲप पटकन जमतं, पण मी ते अंगठ्याने शिकते. पुढच्या महिन्यात विसरलेलं असतं. आत्या वहीत लिहून शिकते. तिला जे येतं ते मला येत नाही."

"वहीत," बापू म्हणाला. "त्या वहीतली निम्मी ॲप बंद पडली."

"एकेचाळीसपैकी सतरा," ताई म्हणाली. "माझ्यापुढे अजून चोवीस चालू आहेत."

"तुझा नंबर नाही अजून," अण्णा म्हणाले आणि सुनेकडे वळले. "सूनबाई."

सूनबाई सहसा बैठकीत दोन वाक्यं बोलायची आणि त्यातलं एक नवऱ्याच्या बाजूचं असायचं. आज तिने पदार्थाला मीठ किती घालावं याचा विचार करावा तसा थोडा वेळ घेतला.

"मी ताईंबरोबर सकाळी सहाला बसते," ती म्हणाली. "आठ महिने झाले. तुम्ही तेव्हा घोरत असता म्हणून तुम्हाला माहीत नाही."

"तू? कशाला?"

"शिकायला. पहिले दोन महिने नुसती त्यांची चेष्टा करत होते. मग म्हटलं बघू तरी. ताई एक गोष्ट शिकतात, मला शिकवतात, आणि मला समजलं नाही तर त्यांना स्वतःलाही समजलेलं नाही असं धरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. एवढी मेहनत मी माझ्या परीक्षेलाही केली नव्हती. तुम्ही त्यांना काढताय, ते मला पटलेलं नाही. झालं माझं."

बापूचा चेहरा पडला. बायको विरुद्ध गेली, मुलगी विरुद्ध गेली, आणि इस्त्रीच्या शर्टाची कॉलर गळ्याला काचायला लागली. वाईट माणूस नव्हता तो. गुरुवारी दुपारी तो दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून बसलेला असताना फोन सतत थरथरत होता. बाहेर येऊन, अर्धा गाल बधिर असताना, त्याने तो व्हिडिओ पाहिला. लोक खाली हसणाऱ्या चेहऱ्यांच्या रांगा टाकत होते. कुणीतरी लिहिलं होतं, 'आजीबाईंना बटण सापडेना.' त्याच्या ताईला. ज्या ताईने त्याला हात धरून शाळेत सोडलं, त्याच्या लग्नात सगळ्या पत्रिका स्वतः छापल्या, तिला कुणीतरी परकं माणूस आजीबाई म्हणतं आणि सत्तर लोक त्यावर अंगठा उंचावतात. त्याचं डोकं फिरलं. हे पुन्हा कधी होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याने त्या दवाखान्याच्या पायरीवर ठरवलं. पण ते त्याने ताईला असं सांगितलं असतं तर प्रश्नच नव्हता.

"माझं म्हणणं साधं आहे," तो आता म्हणाला. "दर पंधरा दिवसांनी नवं काहीतरी येतं. आज व्हिडिओ उभा, उद्या आडवा. आज गाणं घाला, उद्या नको. ताई त्रेपन्न वर्षांची आहे. तिने किती धावायचं? आणि का? लोकांनी हसायला?"

"हसले कोण?" ताईने विचारलं.

"तू वाचलं नाहीस?"

"सगळं वाचलं. एकशे त्रेसष्ट. हसणारे चाळीस होते. त्यातल्या अकरा जणांनी नंतर आपापल्या शिडीचे फोटो पाठवले." ती जरा थांबली. "आता माझा नंबर आहे ना, अण्णा?"

अण्णांनी मान हलवली.

"आपल्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. मशीनवाले म्हणाले, पोरीचा खेळ आहे, चार दिवसांत धूळ खाईल. वर्षाच्या आत त्याच लोकांना मी माऊस धरायला शिकवलं. तेव्हा मी फार लहान होते म्हणून मला जमणार नव्हतं. आता मी फार मोठी झाले म्हणून जमणार नाही. मधे कधीतरी एखाद्या मंगळवारी माझं वय बरोबर होतं म्हणायचं, तो दिवस नेमका माझ्या लक्षात आला नाही."

मुंगी हसली.

"मी चुकले," ताई म्हणाली. "बटण न वाचता दाबलं, चूक माझी. मी तसं पानावर माझ्या हुद्द्यासकट लिहिलंय. पण बापू, मी धावते ते कुणी मागे लागलंय म्हणून नाही धावत. मला आवडतं. सकाळी सहाला काहीतरी येत नसतं आणि साडेसातला ते येतं. माझ्या वयाच्या किती जणींना रोज असं होतं? याचा मला अभिमान आहे. तू माझी दया करतोयस, ती मला नको."

बापूला काही बोलायचं होतं, पण त्याचा नंबर होऊन गेला होता. आता अण्णांचा होता.

अण्णांनी गुरुवारपासून कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना झोप लागत नव्हती. आपल्या जिभेने पोरीचं काम घालवलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. त्यांच्या हातून आयुष्यात पुष्कळ पोस्टरं छापून झाली, त्यातली काही खोटी होती हे त्यांना तेव्हाही माहीत होतं आणि गिऱ्हाइकाचा माल आहे म्हणून त्यांनी छापली. या वयात एकदा खरं बोलले आणि त्याची किंमत पोरीने द्यायची. त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात खालची बेल वाजली. अकराला सात मिनिटं कमी होती.

शिडीवाल्या बाई साठीच्या होत्या, वडिलांनंतर बावीस वर्षं कारखाना चालवणाऱ्या. पेंटरआजोबांनी आपली पहिली शिडी त्यांच्या वडिलांकडून घेतली होती आणि त्याच शिडीवर चढून त्यांच्या कारखान्याची पहिली पाटी रंगवली होती. इतक्या जुन्या संबंधात नमस्कार-चमत्कार थोडक्यात होतात. बाई बसल्या, चहा नको म्हणाल्या, आणि फोन टेबलावर उलटा ठेवला.

"मी दोन मिनिटांचं बोलते. तो व्हिडिओ आज काढा. एवढं झालं की काम तुमच्याकडेच राहील. बापू म्हणाले तसं मुलीने बघितलं तरी चालेल, ताईंनी बघितलं तरी माझी ना नाही. मला माणसाशी भांडण नाही. व्हिडिओ काढा."

ताईच्या हातात तिचं काम असं अलगद परत आलं. नुसतं हो म्हणायचं होतं. बापूने सुटकेचा श्वास सोडला आणि बहिणीकडे आशेने पाहिलं.

"मी नाही काढणार," ताई म्हणाली.

"ताई," बापू म्हणाला.

"पान तुमचं आहे, बाई. चावी तुमच्याकडेही आहे. तुम्ही आत्ता काढू शकता. माझ्या हातून ते निघणार नाही."

बाईंनी फोन उचलला, पाहिला आणि पुन्हा ठेवला. "आमच्याकडे ते कुणाला येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आले."

एरवी यावर सगळे हसले असते. ताईने पर्समधून दोन कागद काढले आणि बाईंसमोर सरकवले. "हे एवढं वाचा. मग मुंगी तुम्हाला काढून देईल, तिला सांगा."

"मी पण नाही काढणार," मुंगी म्हणाली.

"मुंगे, तू गप्प बस," बापू म्हणाला.

"का? माझा पहिला नंबर असतो."

बाई वाचत होत्या. कागदावर एकतीस माणसं होती, त्यांचं गाव, शिडीचं माप, घेतल्याचा महिना, आणि पायाच्या आतल्या लेबलवरचा क्रमांक. एकतीसपैकी सत्तावीस जणांचा क्रमांक एकाच अक्षराने सुरू होत होता. चौदाव्या नावापुढे ताईने एक ओळ जास्त लिहिली होती, की या बाई तिसऱ्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मुरगळलं, पडदे लावत होत्या, घरात एकट्या होत्या.

बाईंनी दुसरा कागद पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. "हे अक्षर गेल्या वर्षीच्या मालाचं आहे," त्या म्हणाल्या. आवाजातली धार गेली होती. "तेव्हा आम्ही रबरवाला बदलला होता."

"मला वाटलंच काहीतरी तसं असेल," ताई म्हणाली. "बाकीच्या सगळ्या शिड्या ठणठणीत आहेत. लोक तसं लिहितातही. एका गृहस्थाकडे तुमच्या वडिलांच्या हातची शिडी आहे, त्यांनी तिचा फोटो टाकलाय."

"मी खोटं बोललो नव्हतो, एवढं तरी मला म्हणू द्या," अण्णा म्हणाले. "पण बोललो मी. पोरीने नाही. राग धरायचा तर माझ्यावर धरा. ब्याऐंशी वर्षांच्या माणसावर राग धरायला सोपं जातं, फार दिवस धरावा लागत नाही."

बाईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. त्यांनी कागद खाली ठेवला. "हे तुम्ही मला तेव्हाच का नाही कळवलं? आज रविवार आहे. तीन दिवस झाले."

"मी शुक्रवारी सकाळी नऊला तुमच्या ऑफिसला पाठवलंय. यादीसकट. वर लाल अक्षरात तातडीचं असं लिहून. उत्तर आलं नाही, म्हणून दुपारी पुन्हा पाठवलं."

"मला कुणी दाखवलं नाही."

"ते तुमच्या ऑफिसात विचारावं लागेल."

ऑफिसात विचारावं लागणार नव्हतं, हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं. बापूला. गुरुवारी संध्याकाळी, गालाचा बधिरपणा उतरत असताना, त्याने कारखान्यात फोन केला होता. 'ताईकडून काही आलं तर सध्या बाजूला ठेवा, ती जरा गोंधळलेली आहे, मी रविवारी समक्ष बोलतो,' असं तो म्हणाला होता. त्यांनी ते अक्षरशः पाळलं होतं. घरात एकट्या असलेल्या, पडदे लावणाऱ्या त्या बाई शनिवारी दुपारी पडल्या होत्या. तारीख कागदावर होती.

"मग आता काय करायचं?" बाईंनी विचारलं. त्या ताईलाच विचारत होत्या, आणि ते विचारताना त्यांनी बापूकडे पाहिलंही नाही.

"उद्या सकाळी नऊला कारखान्यातून लाइव्ह जायचं. तुम्ही स्वतः बोलायचं. कुठल्या अक्षराच्या शिड्या, बूट कसा तपासायचा, आणि नवीन बूट तुम्ही घरपोच कसे देणार. गुरुवारचा व्हिडिओ तिथेच राहील, त्याच्या खाली हे उत्तर येईल. आणि शुक्रवारी ज्याची परवानगी मागितली होती ती द्या, म्हणजे ज्यांनी लिहिलंय त्या एकतीस जणांना मी आज दुपारीच एकेकाला कळवते, की तोवर शिडीवर चढू नका."

"मी बोलू? कॅमेऱ्यासमोर?"

"तुमच्या शिड्या आहेत."

"माझ्या जन्मात मी कधी," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्या बावीस वर्षं दोनशे कामगारांसमोर उभ्या राहिल्या होत्या, पण एका फोनसमोर उभं राहायच्या कल्पनेने त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "बरोबर कोण असेल? बापूंनी मला सांगितलं होतं की यापुढे ताई नसणार. नेमकं ठरलंय काय तुमचं? मला एक माणूस सांगा आणि त्यावर ठाम राहा."

सगळ्यांनी बापूकडे पाहिलं. कारखान्याशी बोलणारा तो होता, करारावर सही त्याची होती. ताई मात्र कागदांकडे बघत होती. तिचं सगळं म्हणणं मांडून झालं होतं आणि आता तिला मागायचं नव्हतं.

बापू उठून उभा राहिला. बैठकीत कुणी उभं राहून बोलत नसे.

"शुक्रवारी ताईने पाठवलेलं तुमच्यापर्यंत पोचलं नाही, ते माझ्यामुळे," तो म्हणाला. "मी तुमच्या ऑफिसला सांगितलं होतं की ती गोंधळलेली आहे, तिचं काही आलं तर ठेवून द्या. ती गोंधळलेली नव्हती. मी होतो. गुरुवारी रात्री आमच्या घरात एकच माणूस नीट काम करत होतं, आणि मी त्याच माणसाला बाजूला काढत होतो." तो बाईंकडे वळला. "हे काम ताईचं आहे. मुंगी तिच्या हाताखाली शिकेल, तिची इच्छा असेल तर. मीही शिकेन, ताईने शिकवलं तर."

सूनबाईने ट्रेवरचा रिकामा कप उचलून दुसऱ्या कपात ठेवला. डोळे भरून आल्याचं कुणाला दिसू नये म्हणून माणसं भांडी आवरतात. अण्णा मात्र उघड रडले आणि त्यांनी डोळे पुसायची तसदी घेतली नाही. दोन्ही पोरं आपली आहेत, असं त्यांच्या तोंडावर अगदी स्वच्छ लिहिलेलं होतं.

बाई व्यवहाराच्या होत्या. त्यांनी बापूचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, मग विचारलं, "आणि त्या पुन्हा चुकल्या तर?"

"चुकेल ती," बापू म्हणाला. "रोज नवं शिकणारं माणूस आहे. पण चुकली तर ती स्वतः येऊन तुम्हाला सांगेल. मी सांगितलं नव्हतं."

ताईने आजवर या भावाला शाळेत सोडलं होतं, त्याच्यासाठी मारामाऱ्या केल्या होत्या, त्याचे हट्ट पुरवले होते, आणि त्याला चारचौघांत आपली चूक कबूल करताना ती आज पहिल्यांदा बघत होती. आपलं काम परत मिळालं याच्याहूनही तिला त्याचाच जास्त अभिमान वाटला. हे त्याला कधीतरी सांगायला हवं.

बाईंनी दोन्ही कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि खुर्ची ताईच्या दिशेने वळवली.

"उद्या कपडे कुठले घालू?" त्यांनी विचारलं.

"रोज कारखान्यात घालता तेच," ताई म्हणाली. "मी साडेआठला येते."